आकाशाचा परवाना

मुलांनो, मोठेपणी कोण होणार असे वर्गात विचारले, की कोणी डॉक्टर म्हणतो, कोणी शिक्षिका म्हणते. एखादा हात मात्र हळूच वर येतो आणि वैमानिक असे उत्तर मिळते. मग वर्गात हशा पिकतो. तुमच्या उत्तराला कधी असा हशा मिळाला असेल, तर बेसी कोलमनची ही हकिकत जरूर वाचा.

बेसीचा जन्म २६ जानेवारी १८९२ रोजी अमेरिकेतील टेक्सस राज्यात झाला. तिचे आईवडील कापसाच्या शेतात मजुरी करत. घरात भावंडे पुष्कळ आणि पैसा थोडा. त्या काळी तेथे गोऱ्या लोकांच्या शाळा वेगळ्या व कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या असत. बेसीची शाळा एकाच खोलीची होती आणि घरापासून सहा किलोमीटरहून अधिक दूर होती. ती रोज पायी जाई. कापूस वेचणीचे दिवस आले, की शाळा सोडून शेतात जावे लागे. तरीही ती गणितात हुशार निघाली.

बेसी नऊ वर्षांची असताना वडील घर सोडून दूरच्या प्रदेशात निघून गेले. आईने मुलांना वाढवले. बेसीने लोकांचे कपडे धुऊन पैसे साठवले आणि १९१० साली ओक्लाहोमा राज्यातील एका महाविद्यालयात नाव घातले. पण पहिले सत्र संपता संपता पैसेही संपले. ती घरी परतली आणि पुन्हा धुणे धुऊ लागली.

काही वर्षांनी ती शिकागो शहरात भावांकडे गेली. तेथे केस कापण्याच्या एका दुकानात गिऱ्हाइकांच्या हातांची नखे सुबक करण्याचे काम तिला मिळाले. पहिले महायुद्ध संपल्यावर तिचे भाऊ फ्रान्समधून परत आले. फ्रान्समधील बायका विमाने चालवतात, तुला ते कधी जमायचे नाही, असे म्हणून एक भाऊ तिला चिडवू लागला. भावाने थट्टा केली, पण बेसीने त्याच दिवशी वैमानिक होण्याचा निश्चय केला.

निश्चय करणे सोपे होते, पण पुढची वाट कठीण होती. तिने अनेक विमानशाळांकडे प्रवेश मागितला. सगळीकडे नकार मिळाला. ती कृष्णवर्णीय होती आणि शिवाय स्त्री होती. तिची दृष्टी कशी आहे, तिला गणित किती येते, हे कोणी विचारलेसुद्धा नाही. परीक्षा न घेताच तिला नापास करण्यात आले.

तेव्हा 'शिकागो डिफेंडर' या वृत्तपत्राचे मालक रॉबर्ट अॅबट यांनी तिला फ्रान्सला जाण्याचा सल्ला दिला. तेथे रंगाची आडकाठी कमी होती. पण तेथील सर्व शिक्षण फ्रेंच भाषेत चाले. बेसीला तर फ्रेंचचा एक शब्दही येत नव्हता. मग दिवसा काम आणि उरलेल्या वेळात फ्रेंचचे धडे, असा तिचा क्रम सुरू झाला. आपल्या बचतीत तिने काही सहृदय माणसांची मदत मिळवली आणि नोव्हेंबर १९२० मध्ये ती बोटीने फ्रान्सला निघाली.

ल क्रोत्वा या गावी कॉद्रों बंधूंची नावाजलेली विमानशाळा होती. तेथील विमाने लाकडाची व कापडाची होती. हातात एक दांडा आणि पायांखाली एक आडवी पट्टी, एवढ्यावर ती चालवायची. शिकत असताना एका सहाध्यायाचा अपघाती मृत्यू बेसीने डोळ्यांनी पाहिला. ती हादरली, पण परत फिरली नाही. १५ जून १९२१ रोजी तिला आंतरराष्ट्रीय परवाना मिळाला. असा परवाना मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री ठरली.

आता सारे सुरळीत झाले असेल, असे तुम्हांला वाटेल. पण तसे झाले नाही. परवाना मिळाला, तरी नोकरी कोठे होती? अमेरिकेत प्रवासी विमानसेवा तेव्हा नुकती कोठे सुरू होत होती, आणि तिच्यासारखीला कोणी कामावर ठेवणार नव्हते. पोट भरण्याचा एकच मार्ग होता. तो म्हणजे विमानाच्या कसरती करून दाखवणे. त्यासाठी ती पुन्हा युरोपात जाऊन अधिक शिकून आली. ३ सप्टेंबर १९२२ रोजी न्यूयॉर्कजवळ तिने अमेरिकेतील पहिले जाहीर उड्डाण केले.

फेब्रुवारी १९२३ मध्ये तिचे इंजिन हवेतच बंद पडले. विमान कोसळले. तिचा पाय मोडला, बरगड्याही मोडल्या. बरी होताच ती पुन्हा उडू लागली. कृष्णवर्णीय मुलामुलींसाठी विमानशाळा काढायची हे तिचे स्वप्न होते. त्यासाठी तिला पैसा हवा होता, पण मान गमावून मिळणारा पैसा नको होता. एका चित्रपटात तिला फाटक्या वेशातील अडाणी बाईचे काम दिले, तेव्हा तिने तो चित्रपटच सोडला. टेक्ससमधील एका प्रयोगात गोऱ्यांना व कृष्णवर्णीयांना वेगवेगळ्या फाटकांतून आत घेणार होते. सर्वांना एकच फाटक असेल तरच उडेन, असे तिने बजावले आणि ते मान्य करून घेतले.

३० एप्रिल १९२६ रोजी फ्लॉरिडा राज्यात दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाची तयारी चालू होती. विमान तिचा सहकारी चालवत होता. खालची जागा नीट पाहता यावी म्हणून बेसीने कमरेचा पट्टा बांधला नव्हता. यंत्रात एक पाना अडकला, विमान उलटले आणि बेसी बाहेर फेकली गेली. दोघांचाही अंत झाला. बेसी तेव्हा ३४ वर्षांची होती.

तिची शाळा निघाली नाही. पण १९२९ साली लॉस एंजेलिसमध्ये विल्यम पॉवेल यांनी तिच्या नावाने वैमानिकांचे मंडळ काढले व कृष्णवर्णीयांना शिकवण्यास सुरुवात केली. नोकरीचे दार मात्र फार उशिरा उघडले. मार्लन ग्रीन हा हवाई दलातील अनुभवी वैमानिक होता. १९५७ साली एका विमान कंपनीने त्याला डावलून कमी अनुभवाचे गोरे वैमानिक घेतले. तो न्यायालयात गेला. १९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि १९६५ साली तो त्याच कंपनीत रुजू झाला. बेसीच्या परवान्याला तेव्हा जवळजवळ ४४ वर्षे झाली होती.

मित्रांनो, आज आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हवा असेल, तर वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. डोळे, कान व हृदय यांची कसून वैद्यकीय तपासणी होते. हवामान, मार्गशोधन व विमानाचे नियम यांच्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात. २०० तासांचे उड्डाण करावे लागते. वायरलेसवर इंग्रजीत स्पष्ट बोलता यावे लागते. मोठे विमान चालवण्यासाठी त्या विमानाचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. खर्चही फार मोठा असतो, आणि परवाना हाती आला म्हणजे नोकरी मिळालीच असे नाही. म्हणून नीट चौकशी करूनच या वाटेला लागावे.

पण या यादीत रंग नाही, जात नाही, धर्म नाही, मुलगा की मुलगी हेही नाही. बेसीच्या काळी योग्यता कोणी विचारत नव्हते. तुम्हांला ती विचारली जाईल, तेव्हा उत्तर तयार असू द्या. गणिताचा पाया पक्का करा. पट्टा बांधण्यासारखी लहान शिस्तही कधी टाळू नका. आणि दुसरी भाषा शिकताना कंटाळा आला, शब्द अडले, तर नखे घासता घासता फ्रेंच शिकणारी ती मुलगी आठवा. घरच्या भाषेने तिला मोठे केले आणि परक्या भाषेने तिला आकाशाचे दार उघडून दिले.