कार्डिनल रिशेल्यू आणि ला रोशेलचा वेढा



कार्डिनल रिशेल्यू म्हटले की अनेकांना ‘थ्री मस्केटिअर्स’ कादंबरीतला पाताळयंत्री मंत्री आठवतो. खरा माणूस समजून घेणे त्याहून अवघड आहे.

ते १५८५ साली पॅरिसमध्ये जन्मले. त्यांची तयारी सैनिकी पेशासाठी चालली होती. परंतु लुसोंचे बिशपपद घराण्याच्या हाती होते, आणि ज्यांनी ते घ्यायचे ते थोरले बंधू अल्फोन्स मठवासी झाले. म्हणून १६०७ मध्ये, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी, रिशेल्यूंना बिशपपदाची दीक्षा मिळाली. नेमणूक घरच्या सोयीची होती, तरी काम त्यांनी मनापासून केले. धर्मग्रामांना भेटी दिल्या, धर्मगुरूंच्या शिक्षणाकडे लक्ष पुरवले. १६२२ मध्ये ते कार्डिनल झाले आणि १६२४ पासून तेराव्या लुई राजाचे प्रमुख मंत्री.

लुसोंच्या जवळच ला रोशेल हे प्रॉटेस्टंटांचे भरभराटीचे बंदर होते. १५९८ च्या नान्तच्या फर्मानाने प्रॉटेस्टंटांना उपासनेची मोकळीक आणि तटबंदीची शहरेही मिळाली होती. राज्यात दुसरे राज्य रिशेल्यूंना मान्य नव्हते. १६२७ मध्ये इंग्लंडच्या मदतीच्या भरवशावर ला रोशेलने राजाविरुद्ध शस्त्र उचलले. रिशेल्यूंनी जमिनीकडून वेढा घातला आणि दगडांनी भरलेली जहाजे बुडवून समुद्रात सुमारे दीड किलोमीटरचा बांध घातला. १६२८ मध्ये इंग्रज आरमार दोनदा आले आणि हात हलवीत परतले. महापौर जाँ गितों शरण जाईनात. लोकांनी चामडे उकडून खाल्ले. २८ ऑक्टोबर १६२८ रोजी दरवाजे उघडले, तेव्हा सुमारे २७,००० रहिवाशांपैकी जेमतेम ५,००० उरले होते.

चारच दिवसांनी, सर्व संतांच्या सणाला, रिशेल्यूंनी त्या शहरात मिस्साबलिदान अर्पण केले.

येथे आम्ही अडखळतो. ज्या हुकमाने भाकरी अडवली, तो देणारेच हात वेदीवर भाकर उचलत होते.

हा धर्माचा विजय होता का? १६२९ च्या आलेस येथील तहात रिशेल्यूंनी प्रॉटेस्टंटांचे किल्ले काढून घेतले, उपासना मात्र राहू दिली. पुढे कॅथोलिक ऑस्ट्रियाविरुद्ध त्यांनी प्रॉटेस्टंट स्वीडनशी हातमिळवणी केली. म्हणजे लढाई श्रद्धेची नव्हती, सत्तेची होती. श्रद्धेचे नाव तिला लागले एवढेच. १६४२ मध्ये ते निवर्तले. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने ती मोकळीकही रद्द केली आणि लाखावर प्रॉटेस्टंट देशोधडीला लागले.

श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती नको, असे १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले. त्या शिकवणुकीची किंमत ला रोशेलसारख्या शहरांनी आधीच मोजली होती.

२ नोव्हेंबरला आपण आपल्या मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. त्या दिवशी ला रोशेलच्या उपाशी मेलेल्यांसाठी आणि कार्डिनल रिशेल्यूंसाठीही, एकाच प्रार्थनेत, प्रभूकडे दया मागू या.