नागसेनवनातले बाबासाहेब

मैत्रिणींनो, बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की घटना आठवते, आपलं शहर मात्र पटकन आठवत नाही. १८९१ साली महूला जन्मलेले, शाळेत वेगळं बसवलेले बाबासाहेब कोलंबिया, लंडनला शिकले आणि १९५० मध्ये त्यांनी इथे कॉलेज काढलं. तेच आपलं मिलिंद. तेव्हा मराठवाड्यातल्या मुलांना (मुलींचं तर विचारूच नका!) विद्यापीठ म्हणजे दूर हैदराबादचं उस्मानिया. इथलं विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालं, पण बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ लाच गेले होते. त्यांचं नाव त्याला लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. एवढ्या एका नावासाठी १९७८ मध्ये घरं जळली, माणसं मेली, बायका-पोरं उघड्यावर आली. आता धाराशिवलाही उपपरिसर आहे. तिकडच्या लेकीला घरचा डबा घेऊन एम.ए. करता येतं.