कडवट नावामागचे बालपण

मॅक्झिम गॉर्की म्हटले की मराठी वाचकाला प्रथम ‘आई’ ही कादंबरी आठवते. परंतु या रशियन लेखकाची जवळून ओळख करून घ्यायची असेल, तर १९१३-१४ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘माझे बालपण’ हे त्याचे आत्मकथन हाती घ्यावे.

१८६८ साली निझ्नी नोवगोरोद येथे जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव अलेक्सेई पेशकोव. तो तीन वर्षांचा असताना अस्त्राखान येथे त्याला कॉलरा झाला. मुलगा वाचला, पण त्याची शुश्रूषा करणाऱ्या वडिलांना लागण झाली आणि ते दगावले. पुस्तकाची सुरुवात याच मृत्यूने होते. शवपेटी खाली सोडली जात असताना या अजाण जिवाला घोर लागतो तो कबरीच्या खड्ड्यात सापडलेल्या बेडकांचा!

आजोबा वासिली काशिरिन यांचा कापड रंगविण्याचा कारखाना होता. वाटणीवरून दोन्ही मामांत मारामाऱ्या, आणि दर शनिवारी नातवंडांना छड्या. टेबलावरचे पांढरे कापड रंगात बुडविल्याबद्दल अलेक्सेईला शुद्ध हरपेपर्यंत मार बसला. पुढे तेच आजोबा खाऊ घेऊन त्याच्या उशाशी बसले आणि तरुणपणी व्होल्गाच्या काठाने दोर खांद्यावर घेऊन नावा ओढल्याच्या आठवणी सांगत राहिले. आजोबांना निव्वळ खलपुरुष न ठरविणारा हा प्रांजळपणा आत्मचरित्रांत विरळाच. कथा-गाण्यांचे भांडार असलेली आजी अकुलिना मात्र त्या घरातील एकमेव ऊब होती.

१८७९ मध्ये आई क्षयाने वारली आणि थोड्याच दिवसांत आजोबांनी अकरा वर्षांच्या नातवाला स्वतःचे पोट स्वतः भरण्यास सांगितले. आधी जोड्यांचे दुकान, मग व्होल्गावरील आगबोटीत भांडी घासणे. तेथील आचारी स्मूरी याच्यापाशी पुस्तकांची पेटी होती. तो मुलाकडून ती मोठ्याने वाचून घेई. गॉर्कीची खरी शाळा भरली ती या मुदपाकखान्यात.

विद्यापीठाच्या आशेने १८८४ मध्ये तो कझानला गेला. वाट्याला आली बेकरीतील मजुरी. डिसेंबर १८८७ मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली, पण ती हृदयाला चुकवून फुफ्फुसातून गेली.

१८९२ मध्ये तिफ्लिसच्या एका वृत्तपत्रात त्याची पहिली कथा छापून आली, तेव्हा खाली नाव होते मॅक्झिम गॉर्की. मॅक्झिम हे वडिलांचे नाव, गॉर्की म्हणजे कडू. काशिरिन यांच्या त्या घराचे पुढे संग्रहालय झाले.