साथीमागचे दारिद्र्य पाहणारा वैद्य

रूडॉल्फ फिरखो हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे, ते पेशीविकृतिविज्ञानाचे प्रवर्तक म्हणून. रोगाचा उगम शरीरातील पेशींच्या बिघाडात असतो, हा सिद्धांत त्यांनी १८५८ च्या आपल्या ग्रंथात मांडला. पण त्याच्या दहा वर्षे आधीच या जर्मन वैद्याने रोगाचे आणखी एक उगमस्थान दाखवून दिले होते. ते म्हणजे समाजव्यवस्था.

१३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियातील पोमेरेनिया प्रांतात जन्मलेले फिरखो बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत सरकारी खर्चाने शिकले. १८४८ च्या फेब्रुवारीत सरकारने या २६ वर्षांच्या डॉक्टरला वरच्या सायलेशियात टायफसच्या साथीची पाहणी करण्यास धाडले. तेथे त्यांना दिसली ती उपासमार, कोंदट झोपड्या आणि सरकारी कारभाराची भाषाही न समजणारी पोलिश प्रजा. त्यांनी सुचवलेले उपायही औषधांपुरते नव्हते. लोकशाही, मातृभाषेतून शिक्षण, रस्ते, शेतीसुधारणा आणि गरिबांवरील करांचा भार श्रीमंतांकडे वळवणे, असा तो कार्यक्रम होता. त्याच वर्षी मार्चमध्ये बर्लिनमध्ये क्रांतीचा भडका उडाला आणि फिरखो त्यात उतरले. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. शारिटे रुग्णालयातील त्यांच्या पदावर गंडांतर आले आणि १८४९ मध्ये त्यांनी व्युर्त्सबुर्गची वाट धरली.

१८५६ मध्ये ते सन्मानाने बर्लिनला परतले. १८५९ पासून अखेरपर्यंत ते नगरपालिकेचे सदस्य होते. बर्लिनची भुयारी गटारे आणि सार्वजनिक रुग्णालये यांच्या उभारणीमागे त्यांचा ध्यास होता. प्रशियाच्या विधिमंडळात त्यांनी बिस्मार्कला इतके हैराण केले की, १८६५ मध्ये त्याने त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. फिरखोंनी ते नाकारले.

त्यांची दृष्टी सर्वत्र अचूक नव्हती. जंतू हेच रोगाचे कारण, या मताकडे ते दीर्घकाळ संशयाने पाहत राहिले. टायफस उवांमार्फत पसरतो, हे १९०९ मध्ये शार्ल निकोल यांनी सिद्ध केले. पण उवा दारिद्र्यात आणि दाटीवाटीतच फोफावतात. त्यामुळे सायलेशियातील निदान खोटे ठरले नाही.

जानेवारी १९०२ मध्ये ट्राममधून उतरताना पडून फिरखोंच्या मांडीचे हाड मोडले. त्यातून ते सावरले नाहीत. ५ सप्टेंबर १९०२ रोजी, ८० व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. इतके आयुष्य त्या काळी थोड्यांनाच लाभे. वार्धक्यापर्यंत कोण पोहोचणार, हे आजही बव्हंशी वस्ती, शिक्षण आणि मिळकत ठरवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ च्या अहवालात ग्लासगो परिसराचा दाखला दिला होता. तेथे एका वस्तीतील पुरुषांचे अपेक्षित आयुर्मान ५४ वर्षे, तर काही मैलांवरच्या दुसऱ्या वस्तीत ८२ वर्षे होते. हे २८ वर्षांचे अंतर केवळ औषधाने मिटणारे नाही. फिरखोंनी सायलेशियाच्या अहवालात नेमके हेच सरकारला कळवले होते.