गॅरी किल्डॉल आणि न वाचता येणारी फ्लॉपी

फ्लॉपीचा जमाना ज्यांनी हॉस्टेलवर काढला त्यांना हे सांगायला नको. रात्रभर जागून रिपोर्ट टाइप करायचा, फ्लॉपीवर घ्यायचा, सकाळी सबमिशनच्या आधी लॅबमध्ये घालायची, ड्राइव्ह दोनदा खरखरणार आणि मशीन हात वर करणार. पण तिथे निदान दोन्ही मशीन एकच फॉरमॅट मानत होती. दोष धुळीचा, नाहीतर हेडचा. १९८० च्या सुमारास अमेरिकेत घराघरात कॉम्प्युटर येऊ लागले तेव्हा फ्लॉपी ठणठणीत, ड्राइव्ह ठणठणीत आणि तरीही शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. या सगळ्या भानगडीच्या मधोमध एक माणूस उभा होता, गॅरी किल्डॉल.

जन्म १९ मे १९४२, सिएटल. घरची जहाजवाल्यांना दिशाशास्त्र शिकवणारी शाळा होती, तिथे गॅरीनेही शिकवलं. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठातून १९७२ मध्ये कॉम्प्युटर सायन्सची डॉक्टरेट घेतली. नौदलाची नोकरी करणं भाग होतं, ती त्याने कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरे इथल्या नौदलाच्या कॉलेजात मास्तरकी करून फेडली. इंटेलची ४००४ ही चिप १९७१ मध्ये आली आणि हा गडी तिच्या नादी लागला तो लागलाच. इंटेलसाठी त्याने पीएल/एम ही भाषा लिहिली.

आता प्रोग्राम साठवायचे कशावर? कागदी फितीवर भोकं पाडून. एक चूक झाली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. म्हणून त्याने शुगार्ट कंपनीकडून तपासणीत वापरून झालेला एक आठ इंची फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला. ड्राइव्ह आला खरा, पण त्याला चालवणारं सर्किट काही जमेना. (इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही!) शेवटी जॉन टोरोड या विद्यापीठातल्या मित्राने कंट्रोलर बनवून दिला आणि १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह गावी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम त्या ड्राइव्हवर चालू झाली. इंटेलने पीएल/एम घेतली, सीपी/एममध्ये मात्र रस दाखवला नाही. मग गॅरी आणि त्याची बायको डोरोथी यांनी स्वतःची कंपनी काढून ती सुमारे ७० डॉलरला विकायला सुरुवात केली.

खरी गंमत पुढे आहे. इम्साई कंपनीला आपल्या मशीनसाठी सीपी/एम हवी होती. प्रत्येक नव्या ड्राइव्हसाठी अख्खी सिस्टिम उसवत बसायचा गॅरीला कंटाळा. त्याने हार्डवेअरशी बोलणारा तेवढा भाग कापून वेगळा काढला आणि त्याला बायोस म्हटलं. होय, व्हायवाला विचारतात तोच बायोस! मशीन बदललं तर फक्त तेवढं लिहा, बाकी सगळं तसंच. एकदा लिहिलेला प्रोग्राम डझनावारी कंपन्यांच्या मशीनवर चालू लागला.

प्रोग्राम मोकळा झाला, फ्लॉपी मात्र अडकली. आठ इंचीच्या काळात आयबीएमचा एक फॉरमॅट सगळ्यांनी मानला होता: ७७ ट्रॅक, प्रत्येकात २६ सेक्टर, सेक्टरमध्ये १२८ बाइट. गुणाकार केला तर २,५६,२५६ बाइट. या मशीनवरची फ्लॉपी त्या मशीनवर बिनदिक्कत चालायची. १९७६ मध्ये सव्वापाच इंची आली आणि जो तो आपल्या मनाचा राजा झाला. १९८१ चा ऑस्बोर्न आणि १९८२ चा केप्रो घ्या. प्रोसेसर तोच झेड-८०, सिस्टिम तीच सीपी/एम, ट्रॅक दोन्हीकडे ४०, ट्रॅकमागे सेक्टर १०. पण ऑस्बोर्नचा सेक्टर २५६ बाइटचा, केप्रोचा ५१२ चा. बसा बोंबलत!

माझ्या मते यात गॅरीचाही थोडा वाटा आहे. डिस्क कशी मांडायची हे त्याने बायोस लिहिणाऱ्यावर सोडलं, आणि ते मोकळं रान प्रत्येक कंपनीने वापरलं. पण सुटकेची वाटही त्यानेच ठेवली होती. १९७९ च्या सीपी/एम २.० मध्ये डिस्कची मापं एका तक्त्यात मांडलेली असायची. तक्ता बदलला की त्याच ड्राइव्हला परकी फ्लॉपी उमगायची. युनिफॉर्मसारखे प्रोग्राम मुख्यतः हेच करत. ॲपल टू पुढे मात्र हा उपाय हरायचा, कारण तिथे बिट लिहायची पद्धतच निराळी होती. मग दोन मशीनमध्ये केबल टाकायची आणि वॉर्ड क्रिस्टेन्सनने १९७७ मध्ये लिहिलेल्या एक्समोडेमने फाइल पलीकडे ढकलायची.

१९८० मध्ये आयबीएमची माणसं गॅरीकडे आली. तो त्या सकाळी स्वतःचं विमान घेऊन दुसऱ्या कामाला गेला होता, गुप्ततेच्या करारावर डोरोथीने सही केली नाही. त्यावर पुष्कळ तिखटमीठ लावलं गेलं, की हा उडत बसला आणि नशीब हुकलं. प्रत्यक्षात बोलणी नंतरही झाली आणि सीपी/एम-८६ आयबीएम पीसीसाठी आलीही. फक्त किंमत २४० डॉलर, शेजारी डॉस ४० डॉलरला. आपण कोणतं घेतलं असतं? आणि ते डॉस टिम पॅटरसनने सीपी/एमच्याच वळणावर लिहिलेलं होतं. हे गॅरीला आयुष्यभर खुपत राहिलं.

तरी तो रडत बसला नाही. टीव्हीवर कॉम्प्युटर क्रॉनिकल्सचा सहनिवेदक झाला, १९८५ मध्ये अख्खा विश्वकोश सीडी-रॉमवर आणण्यात पुढे होता. १९९१ मध्ये कंपनी नोव्हेलला विकली. जुलै १९९४ मध्ये मॉन्टरेत डोक्याला मार लागला आणि ११ तारखेला तो गेला. वय ५२.

आठ इंची कोऱ्या फ्लॉप्यांत ई५ हा बाइट भरलेला असे. म्हणून सीपी/एमने रिकाम्या नोंदीची खूण ई५ ठेवली, फाइल पुसली की तिच्या नोंदीत ई५. डॉसने ती खूण उचलली. फॅट३२ च्या पेन ड्राइव्हवरून फाइल डिलीट करा आणि हेक्स एडिटरने डिरेक्टरी उघडून पाहा. नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी ई५ बसलेला दिसेल.