पन्नाशीतले कॅप्टन आणि तीन चॅम्पियन मुली

कॉलेजचा स्पोर्ट्स वीक आला की एक गंमत हमखास पाहायला मिळते. शेवटच्या वर्षाचे सीनियर कडेला खुर्च्या टाकून बसतात आणि आता आमचं खेळायचं वय राहिलं नाही असं सांगतात. वय किती, तर बावीस! अशा सगळ्या 'ज्येष्ठ नागरिकांना' आज एका पुणेकर प्रोफेसरांची ओळख करून द्यायची आहे.

देवधर म्हटलं की आपल्याला देवधर ट्रॉफी आठवते. पण हे देवधर कोण, असं विचारलं तर बरेच जण गप्प बसतात. दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, पुण्याचा. पेशाने ते संस्कृतचे प्राध्यापक, आणि तेही सर परशुरामभाऊ कॉलेजमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत एस. पी. मध्ये. आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना संस्कृत म्हणजे फक्त स्कोअरिंग सब्जेक्ट. या माणसाने मात्र संस्कृत शिकवून घर चालवलं आणि उरलेल्या वेळात क्रिकेट खेळलं. त्या काळात क्रिकेटवर कोणाचं पोट भरत नव्हतं. राजेमहाराजांचा आश्रय नसेल तर नोकरी सांभाळूनच मैदानावर जावं लागे.

देवधर फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये उतरले ते १९११ च्या हंगामात, म्हणजे पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्याही आधी. पण त्यांचं नाव देशभर झालं १९२६ साली. त्या वर्षी आर्थर गिलिगन यांच्या कप्तानीखाली इंग्लंडची एमसीसी टीम भारतात आली होती. मुंबईत जिमखान्यावर सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून १५३ रन्स ठोकल्या. त्यानंतर त्याच महिन्यात देवधरांनी भारतीय संघाकडून १४८ केल्या. आपले लोक इंग्लंडच्या बोलर्ससमोर उभे राहू शकतात हे तेव्हा साहेबालाही कळलं. दोनच वर्षांत, १९२८ मध्ये, भारताचं क्रिकेट बोर्ड स्थापन झालं आणि जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिली टेस्ट खेळला.

आणि देवधर? ते त्या टीममध्ये नव्हते. त्यांनी तेव्हा चाळिशी गाठली होती. ज्या दाराला धक्का देऊन ते उघडलं, त्याच दारातून त्यांना आत जाता आलं नाही. पुढेही कधीच नाही. देवधरांच्या नावावर एकही टेस्ट मॅच नाही.

आता सांगा, तुम्ही-आम्ही काय केलं असतं? एक कॅम्पस इंटरव्ह्यू हुकला तरी आपण आठवडाभर जेवत नाही. चाळिशीतल्या प्रोफेसरांनी बॅट माळ्यावर टाकली असती तरी कोणी नाव ठेवलं नसतं. पण खरी गोष्ट तर इथूनच सुरू होते.

१९३४ मध्ये रणजी ट्रॉफी सुरू झाली. देवधर तेव्हा ४२ वर्षांचे. महाराष्ट्राची कप्तानी त्यांच्याकडे आली आणि त्यांनी तरुण पोरांची टीम बांधायला घेतली. विजय हजारेंसारखा खेळाडू त्यांच्या हाताखाली खेळला. जानेवारी १९४० मध्ये हजारेंनी बडोद्याविरुद्ध पुण्यात नाबाद ३१६ केल्या. त्याच १९३९-४० च्या हंगामात महाराष्ट्राने पहिल्यांदा रणजी ट्रॉफी जिंकली. पुढच्या वर्षी परत जिंकली. कप्तान देवधर दोन्ही वेळेला पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते.

आणि ते नुसते नावाचे कॅप्टन नव्हते हं! १९४०-४१ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध मुंबई अशी मॅच झाली. महाराष्ट्राच्या ६७५ रन्स, त्यातल्या २४६ एकट्या देवधरांच्या. त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा स्कोअर. मुंबईनेही जोरदार उत्तर देत ६५० पर्यंत मजल मारली. त्या बाजूने द्विशतक काढणारा पंचविशीच्या आतला डावरा बॅट्समन होता खंडू रांगणेकर. हे नाव आपल्या ठाणे जिल्ह्याला नवीन नाही. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममधल्या बॅडमिंटन हॉलला याच रांगणेकरांचं नाव दिलेलं आहे. क्रिकेटर असूनही ते बॅडमिंटन उत्तम खेळत.

बॅडमिंटनचा विषय निघालाच आहे तर देवधरांच्या घरात जाऊ या. कारण या घराची अर्धी गोष्ट तिथेच आहे.

देवधरांच्या तीन मुली, तारा, सुंदर आणि सुमन. १९४० च्या दशकात या तिघी बहिणींनी भारताचं राष्ट्रीय बॅडमिंटन गाजवलं. ताराने एकेरीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि दुहेरीत तर बहिणी-बहिणीच जोडीने उतरत. तो काळ डोळ्यांसमोर आणा. मुलीने मॅट्रिक होणं हीच मोठी गोष्ट मानली जायची. त्या दिवसांत एका मध्यमवर्गीय मास्तरांच्या मुली रॅकेट घेऊन देशभर खेळत होत्या आणि बाप त्यांच्या पाठीशी होता.

पुण्यात बॅडमिंटन रुजावं यात नवल नाही. या खेळाचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनीच बसवले आणि काही काळ खेळाचं नावही 'पूना' असंच होतं. म्हणजे मुरबाडहून माळशेज घाट चढून ज्या जिल्ह्यात आपण उतरतो, तिथलाच हा खेळ!

आपल्या ग्राउंडवर दुपारचा वारा सुटला की शटल कुठे जाईल याचा भरवसा नसतो. जेमतेम पाच ग्रॅमची ती वस्तू. त्यात दुहेरी म्हणजे आणखी अवघड. कोर्ट एकेरीपेक्षा फक्त तीन फूट रुंद, पण माणसं दुप्पट. मधोमध आलेलं शटल कोणी घ्यायचं हे ओरडून ठरवायला वेळच नसतो. समोरचीने मारायच्या आत जोडीदाराचं पाऊल कळावं लागतं. एका घरात वाढलेल्या बहिणींना ते कळत असणार यात शंका नाही.

पण नशीब बघा. बापाची वेळ जशी चुकली तशी मुलींचीही चुकली. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० ते १९४६ ऑल इंग्लंड स्पर्धाच झाली नाही. महिलांचा उबेर कप सुरू झाला १९५० च्या दशकात. ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनला पदकं मिळायला १९९२ उजाडलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जपानच्या मिसाकी मात्सुतोमो आणि अयाका ताकाहाशी या जोडीने फायनलच्या तिसऱ्या गेममध्ये १६-१९ असं मागे असताना सलग पाच पॉइंट घेतले आणि जपानला बॅडमिंटनचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं, ते जगाने टीव्हीवर पाहिलं. देवधर भगिनींच्या वाट्याला असा मंच आलाच नाही. राष्ट्रीय विजेतेपद हेच त्यांचं एव्हरेस्ट होतं आणि त्या तिथपर्यंत चढल्या.

इकडे बाबाही थांबले नव्हते. १९४४ मध्ये वयाच्या ५२ व्या वर्षी देवधरांनी नवानगरविरुद्ध एकाच मॅचच्या दोन्ही इनिंग्जमध्ये शतकं काढली, १०५ आणि १४१! त्या वयात आपले काका जिना चढताना मध्ये थांबतात. अखेर दुसरं महायुद्धही संपल्यानंतर त्यांनी फर्स्ट क्लास क्रिकेटचा निरोप घेतला. ८१ मॅचेस, ४५२२ रन्स, ९ शतकं. पुढे ते राष्ट्रीय निवड समितीवर होते, त्यांनी क्रिकेटवर पुस्तकं लिहिली. १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये, वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षी, पद्मभूषण मिळालं. १९७३-७४ मध्ये देवधर ट्रॉफी सुरू झाली ती त्यांच्या हयातीतच. २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं तेव्हा शंभरी पार झाली होती. १९९६ मध्ये पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं.

मला यातलं काय भावतं सांगू? टेस्ट न मिळाल्याचं दुःख त्यांना झालं असेलच, माणूसच होते ते. पण कोणी निवडलं तरच खेळायचं, असं त्यांनी ठरवलं नाही. निवड समिती आपल्या हातात नसते, जन्माचं साल आपल्या हातात नसतं, महायुद्ध तर नाहीच नाही. मैदानावर जायचं की नाही, एवढंच काय ते आपल्या हातात उरतं. देवधर गेले आणि जाताना मुलींनाही त्या वाटेला लावून गेले.

तेव्हा सीनियर्स, उठा! खुर्च्या रेफ्रींना लागणार आहेत. दुहेरीच्या एंट्रीज अजून घेतोय, आणि जोडीदार शोधायची जबाबदारी तुमची.