भोरघाटाच्या माथ्यावरील प्रार्थना : पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेची जडणघडण

पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा विचार बहुधा १८८३ मधील त्यांच्या धर्मांतराभोवतीच फिरत राहिला आहे. बाप्तिस्मा हा त्या जीवनाचा कळस मानणारे आणि तो त्यांचा प्रमाद मानणारे, असे दोन्ही पक्ष त्या एकाच घटनेपाशी थांबतात. वस्तुतः रमाबाईंची श्रद्धा त्या दिवशी पूर्ण झालेली नव्हती. तिला आकार आला तो पुढील आपत्तींमधून, आणि तिच्याबरोबर त्यांचा स्वभावही घडत गेला.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. पुराण सांगत तीर्थाटन करणारे हे कुटुंब १८७० नंतरच्या दुष्काळात सापडले. व्रते, दानधर्म, देवदर्शन यांत कसूर न करताही आईवडील व थोरली बहीण अन्नान्न करीत गेली. कर्मकांडावरील विश्वास उडाला तो येथे. मात्र ईश्वराचा शोध थांबला नाही. बंधू श्रीनिवासांसह देशभर पायपीट करीत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेरचा विवाह केला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचाही अंत झाला, तेव्हा पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि पुढील वर्षी इंग्लंड गाठले. वाँटेज येथील मठात सहप्रवासिनी आनंदीबाई भगत यांनी आत्मघात केला. या आघातानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मायलेकींचा बाप्तिस्मा करविला. तरीही चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्या वाद घालीत राहिल्या, आणि क्रुसावरील लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे हवीत असा त्यांचा आग्रह होता. परदेशी धर्मगुरूंची सत्ता स्वदेशी पुरोहितांच्या सत्तेहून निराळी असेलच, असे त्यांनी गृहीत धरले नव्हते.

अमेरिकेत निधी जमवून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. १८९० मध्ये ते पुण्यास हलविले. मुंबईहून पुण्यास जाणारा लोहमार्ग तेव्हाही आजच्याप्रमाणे कर्जतवरून भोरघाट चढत असे. घाटाच्या पायथ्याशी खालापूर तालुक्यातील खोपोली आणि माथ्यावर खंडाळे, लोणावळे. या प्रदेशाशी रमाबाईंच्या अंतःकरणातील एका वळणाचा संबंध आहे. त्याची पूर्वपीठिका मात्र पुण्यातील आहे. सदनातील मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात या आरोपावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी आपला संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आप्त, समाज, विद्वन्मान्यता असे एकेक आधार याप्रमाणे गळून पडले.

याच सुमारास रमाबाईंना उमगले की आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने स्वीकारला, ख्रिस्ताला मात्र अजून पूर्णपणे शरण गेलो नाही. पुढे काही वर्षांनी लोणावळ्यास भरलेल्या ख्रिस्ती मेळाव्याला त्या सदनातील पंधरा मुलींसह गेल्या. तेथे एका पहाटे, ज्या डोंगरांखाली कर्जत-खालापूरचे खोरे पसरलेले आहे त्या परिसरात, त्यांनी या पंधरांचा वर्ग, म्हणजे २२५ जीव, आपल्या हाती सोपवावेत अशी प्रार्थना केली. मागणे हिशेबी, गणिती होते. शास्त्राध्ययनात वाढलेल्या बुद्धीने भक्तीची ही रीत शोधली होती.

थोड्याच अवधीत १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पसरला. बालपणीची उपासमार न विसरलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि त्यांनी शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या. दौंडजवळील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्या पलीकडे गेली. जिच्या घरात भुकेने माणसे मेली, तिच्या आश्रयाला आता भुकेलेली माणसे येत होती. व्यक्तिगत दुःखाचे असे लोकहितात रूपांतर होणे, हे या श्रद्धेचे सर्वांत ठळक फळ होय.

वाङ्मयदृष्ट्या या परिपाकाची साक्ष बायबलच्या भाषांतरात मिळते. हिब्रू व ग्रीक भाषा आत्मसात करून, श्रवणशक्ती मंदावत असताना, रमाबाईंनी अनेक वर्षे एकहाती हे काम केले. प्रौढ संस्कृतप्रचुर मराठी त्यांना सहज साध्य होती. तरीही त्यांनी अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशी साधी भाषा निवडली, आणि मुक्ती सदनाच्या छापखान्यात स्त्रियांनीच ती जुळविली. पंडितेने पांडित्य स्वेच्छेने खाली ठेवावे, हा शीलातील बदल या भाषेतच वाचता येतो.

शेवटचा आघात जुलै १९२१ मध्ये झाला. उत्तराधिकारी म्हणून जिला घडविले ती मनोरमा आईआधी गेली. रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. ते पुरे होताच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. या जीवनात आपत्तींनी श्रद्धा सिद्ध केली असे म्हणणे सोपे ठरेल. अधिक यथार्थ हे की प्रत्येक आपत्तीनंतर रमाबाईंनी आपली श्रद्धा नव्याने तपासली, आणि त्या तपासणीत जे टिकले तेवढेच पुढच्या प्रवासाला बरोबर घेतले.